लोरेतोच्या उत्तरेला: मिलानच्या बदलत्या वस्तीत भाड्याने राहताना

गिरण्यांच्या जागी टॉवर आले आणि दलाल लोअर परळला 'अप्पर वरळी' म्हणू लागले, त्याचा अर्थ मुंबईकरांना कुणी समजावून सांगावा लागला नाही. मिलानमध्ये पिआत्साले लोरेतोच्या उत्तरेकडच्या भागाचं तेच झालं. व्हिआले मोन्झा आणि व्हिया पादोव्हा या दोन लांबलचक रस्त्यांमधली ही कामगारांची जुनी वस्ती आता 'नोलो' नावाने ओळखली जाते. 'नॉर्थ ऑफ लोरेतो'चं हे संक्षिप्त रूप आहे, आणि इटालियन शहरातल्या वस्तीला इंग्रजी नाव पडलं यातच बरंच काही आलं. इथे दक्षिण इटलीतून कारखान्यांत आलेली जुनी कुटुंबं आहेत, त्यांच्यानंतर आलेले इजिप्शियन, पेरूव्हियन, चिनी, बांगलादेशी आणि श्रीलंकन आहेत, आणि आता डिझायनर, विद्यार्थी व आयटीवाले येत आहेत.

पुण्या-मुंबईहून मिलानला येणाऱ्यांची नजर या भागावर पडते ती सोयीमुळे. लोरेतोला मेट्रोच्या एम-१ आणि एम-२ या दोन मार्गिका मिळतात. पॉलितेक्निको या तंत्रविद्यापीठाच्या चित्ता स्तुदीतल्या कॅम्पससाठी एम-२ वर पुढचंच पिओला स्टेशन. बिकोक्का विद्यापीठही लांब नाही. पास्तेर आणि रोव्हेरेतो ही एम-१ ची स्टेशनं थेट वस्तीत उघडतात. पण सोय आहे तिथे भाडं चढतं, आणि भाडं चढतं तिथे घरमालक कागदांत पळवाटा शोधतात. अशा वस्तीत भाडेकरूचे पाय कागदावरच टिकतात, म्हणून या लेखात कागदांनाच जास्त जागा दिली आहे.

नाव आणि कोदिचे फिस्काले

कोदिचे फिस्काले हा १६ अक्षर-अंकांचा कर-क्रमांक. तो नसेल तर करार नाही, बँक नाही, मोबाईलचं सिमसुद्धा नाही. आजेन्त्सिया देल्ले एन्त्राते या कर-खात्याकडून तो फुकट मिळतो. निघण्याआधी मुंबईतल्या इटलीच्या वकिलातीकडेही मागता येतो. यासाठी कुणा एजंटाला पैसे मोजू नका.

मराठी माणसाची गडबड इथेच सुरू होते. आपल्या पासपोर्टात 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. विद्यापीठाच्या कागदांवर मात्र बऱ्याचदा फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव. कोदिचे तर नावाच्या अक्षरांवरूनच बनतो.

समजा पासपोर्टावर नाव 'स्नेहा विजय', आडनाव 'कुलकर्णी', जन्म १२ ऑगस्ट १९९८, भारतात. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली तीन व्यंजनं म्हणजे के, एल, के. नावाचा नियम जरा वेगळा आहे. व्यंजनं तीनच असतील तर तीच घेतात, चार किंवा जास्त असतील तर पहिलं, तिसरं आणि चौथं. नुसत्या 'स्नेहा'मधून एस, एन, एच निघतं. 'स्नेहा विजय'मधून एस, एच, व्ही. पुढे जन्मवर्षाचे ९८, ऑगस्टसाठी एम, आणि बाईच्या बाबतीत तारखेत ४० मिळवून ५२. भारताचा कोड झेड-२२२, आणि शेवटी एक तपासणीचं अक्षर. एका ठिकाणी वडिलांचं नाव लिहिलं आणि दुसऱ्या ठिकाणी गाळलं, तर एकाच बाईचे दोन क्रमांक तयार होतात. मग बँक एकाला ओळखते, आरोग्य खातं दुसऱ्याला, आणि डिजिटल ओळख कुठल्याच क्रमांकावर मिळत नाही.

उपाय एकच. पासपोर्टावर नाव जसं आहे तसंच, पूर्ण, प्रत्येक कागदावर लिहायचं. इंटरनेटवर कोदिचे मोजून देणारी पानं आहेत, पण तिथून काढलेला क्रमांक वापरू नका. खरा क्रमांक कर-खातं देतं तोच. हातात पडल्यावर वरच्या रीतीने एकदा स्वतः ताडून बघा आणि चूक दिसली तर त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या. चार ठिकाणी नोंदवून झाल्यावर ती दुरुस्त करणं फार जिकिरीचं होतं.

घर बघताना

वस्तीतली जुनी घरं बहुतेक 'कासा दि रिंगिएरा' पद्धतीची. मध्ये चौक, चारही बाजूंनी लोखंडी कठड्याची लांब गॅलरी, आणि गॅलरीवर उघडणारी एकेक-दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडं. पूर्वी संडासही गॅलरीच्या टोकाला सगळ्यांचा मिळून असे. गिरगावच्या चाळीत वाढलेल्याला नकाशा काढून दाखवायची गरज नाही. आता आत न्हाणीघरं आली आहेत आणि चौकातल्या खोल्यांना चढा भाव आला आहे. पण भिंती त्याच आहेत, आणि आवाज चौकात तसाच घुमतो.

घर दोनदा बघा, एकदा दिवसा आणि एकदा शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री ११ नंतर. पिआत्सा मोर्बेन्योच्या आसपास आणि बारच्या वर पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर उन्हाळ्यात खिडकी उघडून झोपता येत नाही. व्हिया पादोव्हावर ५६ नंबरची बस धावते आणि रस्त्याकडच्या खिडक्यांच्या काचा तिच्यामुळे हादरतात. जाहिरातीत 'इंतेर्नो कोर्तिले' असेल तर खिडक्या चौकाकडे, 'आफ्फाच्चो स्त्रादा' असेल तर रस्त्याकडे. क्षेत्रफळाचा आकडा बहुधा 'कोम्मेर्चाले', म्हणजे भिंती आणि बाल्कनीचा हिस्सा धरून. विचारायचं ते 'काल्पेस्ताबिले', म्हणजे पाय ठेवता येईल तेवढं.

'लॉफ्ट' शब्दापाशी थांबा. चौकातल्या जुन्या कार्यशाळा आणि रस्त्यालगतची बंद दुकानं रंगवून घर म्हणून भाड्याने देण्याची इथे रीत पडली आहे. भूमापन खात्याच्या नोंदीत, म्हणजे कातास्तोत, निवासी घरांचा वर्ग 'ए'ने सुरू होतो. दुकान असतं सी/१ आणि कार्यशाळा सी/३. सी वर्गातल्या जागेला राहण्यायोग्य असल्याचा दाखला, 'इदोनेइता आलोज्जातीव्हा', मिळत नाही. बायको-मुलांना इटलीत आणायचं तर तो दाखला लागतोच. म्हणून करारापूर्वी 'व्हिझूरा कातास्ताले', म्हणजे त्या नोंदीचा उतारा, मागा. थोडीशी फी भरून तो तुम्हालाही काढता येतो. त्यात वर्ग कळतो आणि मालकाचं नावही कळतं. घर दाखवणारा माणूस मालक नाही, हे अनेकांना अनामत गेल्यावर कळलं आहे. मालक परदेशी आहे, चावी कुरिअरने येईल, आधी एक महिन्याचं भाडं पाठवा, असा निरोप आला तर पुढे बोलूच नका.

करार

निवासी भाडेकरार चार प्रकारचे. '४+४', म्हणजे चार वर्षं आणि पुढे आणखी चार, यात भाडं मोकळं, दोघांत ठरेल ते. '३+२', तीन वर्षं आणि पुढे दोन, म्हणजे 'कानोने कोंकोर्दातो', यात भाडं शहराच्या स्थानिक करारनाम्यातल्या किमान-कमाल दराच्या आत ठेवावं लागतं. तिसरा 'त्रान्झितोरियो', १ ते १८ महिन्यांचा, तात्पुरत्या गरजेसाठी. ती गरज करारात लिहून तिचा कागद जोडावा लागतो. चौथा विद्यार्थ्यांचा, ६ ते ३६ महिन्यांचा.

भाडं चढणाऱ्या वस्तीत ३+२ साठी आग्रह धरा. मालकाचाही त्यात फायदा आहे, आणि तो त्याला सांगता आला पाहिजे. 'चेदोलारे सेक्का' या सरसकट कराचा दर ४+४ वर २१ टक्के आहे, मिलानसारख्या शहरात कोंकोर्दातोवर १० टक्के, शिवाय घरपट्टीत २५ टक्के सूट. जास्त भाडं मागणाऱ्या मालकाला कर वजा जाता हातात उरणारा आकडा कागदावर मांडून दाखवला की पुष्कळदा तो वळतो. चेदोलारे निवडल्यावर त्याला महागाईच्या निर्देशांकानुसार भाडंही वाढवता येत नाही. दर बरोबर लावला आहे का, हे भाडेकरूंच्या संघटना तपासून देतात. सूनिया आणि सीचेत या त्यातल्या जुन्या. वर्गणी भरून सभासद व्हायचं आणि सही करण्याआधी करार त्यांच्यापुढे ठेवायचा. हे पैसे वाचवण्यासारखे नाहीत.

अनामत तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, १९७८ च्या ३९२ क्रमांकाच्या कायद्यात तसं आहे. मालक चार किंवा सहा महिने मागत असेल तर ते 'आगाऊ भाडं' म्हणूनही मान्य करू नका. एजन्सीची दलाली साधारण एका महिन्याचं भाडं आणि त्यावर २२ टक्के कर. तिची पावती घ्या.

करार झाल्यापासून ३० दिवसांत कर-खात्यात नोंदवला गेला पाहिजे. न नोंदवलेला करार कायद्याने शून्य. करारात ७०० युरो आणि हातावर रोख ३०० अशी मागणी झाली तर जाणून घ्या की नोंदलेल्या आकड्यावरची रक्कम बेकायदा आहे, आणि घर सोडल्यापासून सहा महिन्यांच्या आत ती परत मागता येते. त्यासाठी पुरावा लागतो, तेव्हा भाडं फक्त बँकेतून द्या. रोख देणारा नवा भाडेकरू शेजारच्या जुन्या बिऱ्हाडाचंही नुकसान करतो, कारण मालक त्याच आकड्याकडे बोट दाखवून पुढच्याचं भाडं वाढवतो.

नोंदणीची पावती मागून घ्या, तिच्यावर तारीख आणि क्रमांक असतो. चावी घेताना 'व्हेर्बाले दि कोन्सेन्या', म्हणजे ताब्याची लेखी नोंद, करा. त्यात वीज, गॅस आणि पाण्याच्या मीटरचे आकडे, प्रत्येक भिंतीचा फोटो, तुटक्या वस्तूंची यादी आणि दोघांच्या सह्या येऊ द्या. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला घर देणाऱ्या मालकाने ४८ तासांत पोलिसांना कळवायचं असतं. त्याची प्रतही मागा, पेरमेस्सोच्या, म्हणजे इटलीत राहण्याच्या परवान्याच्या, वेळी ती विचारतात.

पेरमेस्सो दि सोज्जोर्नो

इटलीत पाऊल ठेवल्यापासून कामाच्या आठ दिवसांत अर्ज करायचा. 'स्पोर्तेल्लो आमिको' असलेल्या पोस्टात अर्जाचा संच फुकट मिळतो. पाकीट बंद न करता न्या, काउंटरवरचा माणूस आतले कागद बघतो. ताबाक्केरियातून, म्हणजे तंबाखूच्या दुकानातून, १६ युरोचा 'मार्का दा बोल्लो', म्हणजे सरकारी मुद्रांक, घ्यायचा. पोस्टाचे ३० युरो. परवान्याच्या बोल्लेत्तीनोचे, म्हणजे पैसे भरायच्या चलनाचे, एका वर्षापर्यंतच्या परवान्यासाठी ७०.४६ आणि एक ते दोन वर्षांच्या परवान्यासाठी ८०.४६ युरो. पासपोर्टाच्या ज्या पानांवर काही छापलेलं किंवा शिक्का मारलेला आहे त्या सगळ्यांच्या झेरॉक्स जोडा. नोकरीच्या व्हिसावाल्यांची पहिली पायरी प्रेफेत्तूराच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जिल्हा पातळीवरच्या, कार्यालयातून जाते. ती कंपनीने सांगितलेल्या क्रमानेच करा.

पोस्टातून मिळणारी पावती म्हणजे कार्ड येईपर्यंतचा तुमचा परवाना. तिच्यावर क्वेस्तूरात, म्हणजे पोलीस मुख्यालयात, बोटांचे ठसे देण्याची तारीख असते. कार्डाला महिने लागतात. तोवर पावतीचा फोटो, झेरॉक्स आणि मूळ प्रत तीन वेगळ्या ठिकाणी ठेवा. नूतनीकरणाच्या पावतीवर दिवाळीला घरी यायचं असेल तर तिकीट दिल्लीच्या थेट विमानाचं किंवा दोहा, दुबई, इस्तंबूलमार्गे काढा. फ्रँकफर्ट, पॅरिस किंवा झुरिचमार्गे नको, कारण त्या पावतीवर दुसऱ्या शेंगेन देशातून जाता येत नाही, आणि ही गोष्ट तिकीट विकणारा सांगत नाही. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी करा.

रेसिदेन्त्सा

महापालिकेच्या आनाग्राफेत, म्हणजे रहिवाशांच्या नोंदवहीत, आपलं वास्तव्य नोंदवणं म्हणजे रेसिदेन्त्सा. ओळखपत्र, घरचा डॉक्टर, पार्किंग, विजेचा स्वस्त दर, सगळं तिच्यावर अवलंबून. अर्ज मिलानमध्ये ऑनलाईन होतो. कागद म्हणजे पासपोर्ट, पेरमेस्सो आणि नोंदलेला करार. नोकरीसाठी किंवा कुटुंबासाठी आलेल्यांना पहिल्या पेरमेस्सोची पावतीही चालते. 'इथे रेसिदेन्त्सा घ्यायची नाही' असं मालक म्हणतात. पण पालिका तुम्ही खरोखर तिथे राहता का एवढंच बघते, त्याला मालकाची मर्जी लागत नाही. आधीच्या भाडेकरूच्या तोंडी परवानगीवर खोली घेतली असेल तर मात्र अडतं, कारण जागेवरचा हक्क दाखवणारा कागदच नसतो. असा कागद नसलेल्याला २०१४ च्या कायद्याने रेसिदेन्त्साची नोंद आणि वीज-गॅसच्या जोडण्या दोन्ही नाकारता येतात.

अर्जानंतर ४५ दिवसांत केव्हाही पालिका पोलीस दारात येऊन खात्री करतो. न सांगता येतो, तुम्ही कामावर असताना येतो. चितोफोनोवर, म्हणजे खालच्या घंटीच्या पाटीवर, आणि पत्रपेटीवर तुमचं आडनाव दिसलं नाही तर 'सापडले नाहीत' असा शेरा मारून परत जातो आणि अर्ज फेटाळला जातो. म्हणून अर्जाच्या आदल्या दिवशीच आडनाव चिकटवा. पासपोर्टावरचं स्पेलिंग, मोठ्या अक्षरांत, छापील कागदावर, वर पारदर्शक चिकटपट्टी. हाताने पेनाने लिहिलेलं नाव पावसात महिन्याभरात जातं. तळमजल्यावर पोर्तिनाया, म्हणजे इमारतीची राखण करणारी बाई, असेल तर तिला नाव सांगून ठेवा आणि घरी कोणत्या वेळी असता तेही सांगा. ४५ दिवसांत काही उत्तर आलं नाही तर नोंद पक्की झाली असं समजतात.

नंतर विसरली जाणारी गोष्ट अशी की पेरमेस्सोचं नूतनीकरण झालं की ६० दिवसांत आनाग्राफेला 'मी अजून इथेच राहतो' हे लिहून कळवायचं. न कळवल्यास पुढे नाव कमी होतं, आणि ते बहुधा डॉक्टरकडे गेल्यावर कळतं.

सरकारी आरोग्यसेवेत नोकरदारांची नोंद फुकट. विद्यार्थ्यांना २०२४ पासून वर्षाचे ७०० युरो भरावे लागतात, आणि हे वर्ष जानेवारी ते डिसेंबर मोजतात. ऑक्टोबरमध्ये भरलेत तर तीन महिन्यांसाठीच पूर्ण रक्कम गेली. सप्टेंबरात येणाऱ्यांनी डिसेंबरअखेरपर्यंत खासगी विमा आणि जानेवारीत नोंदणी असा हिशेब करून बघावा. ड्रायव्हिंग लायसन्सचं सांगायचं तर भारतीय लायसन्स रेसिदेन्त्सा घेतल्यापासून एक वर्ष चालतं. नंतर ते बदलून मिळत नाही, इटालियनमधून लेखी परीक्षा द्यावी लागते.

मीटर, हीटर, हवा

घरगुती विजेची जोडणी बहुधा ३ किलोवॅटची असते आणि मीटर सलग ३.३ पर्यंत सोसतो. पाणी तापवणारा स्काल्दाबान्यो सुमारे १.२ किलोवॅट, वॉशिंग मशीन पाणी तापवताना २, इंडक्शनची एक शेगडी २. कुकर लावला, मशीन चालू आणि न्हाणीत स्काल्दाबान्यो, की थोड्या वेळात घर अंधारात. मीटर पुष्कळ इमारतींत जिन्याखाली किंवा तळघरात कुलपात असतो. पहिल्याच दिवशी तो कुठे आहे, चावी कुणाकडे आहे ते बघून ठेवा. घरात इंडक्शन असेल तर अर्ध्या-अर्ध्या किलोवॅटच्या टप्प्याने भार वाढवून घेता येतो, साडेचार पुरतो.

आधीच्याच्या नावावरची चालू जोडणी आपल्या नावावर करणं म्हणजे व्होल्तूरा, आणि बंद पडलेली पुन्हा चालू करणं म्हणजे सुबेन्त्रो. दोन्हीसाठी विजेचा पीओडी आणि गॅसचा १४ आकडी पीडीआर क्रमांक जुन्या बिलावरून उतरवून घ्या. पुण्याहून आणलेला मिक्सर इथल्या २३० व्होल्टवर विनातक्रार चालतो. अडचण फक्त प्लगची. इथल्या भिंतीत एका ओळीत तीन भोकं असतात आणि तीही १० व १६ अँपिअरची दोन मापं. फेर्रामेन्तात, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात, प्लगच बदलून घ्या. मिक्सरसारख्या वस्तूला प्रवासी अडॅप्टर तापतो. वीज-बिलात टीव्हीची फी म्हणून वर्षाला ९० युरो येतात. टीव्ही नसेल तर ३१ जानेवारीपर्यंत कर-खात्याला तसं लिहून द्यायचं, दर वर्षी नव्याने.

मिलानमध्ये इमारतीचं हीटिंग १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल, दिवसाला जास्तीत जास्त १४ तास. खर्च बिल्डिंगच्या वर्गणीतून जातो. मालक दरमहा 'स्पेसे'चा, म्हणजे खर्चाचा, जो आकडा सांगतो तो उचल असतो. वर्षअखेरीला खरा हिशेब होऊन 'कोंग्वाल्यो', म्हणजे वरचा फरक, मागितला जातो आणि तो कधीकधी एका महिन्याच्या भाड्याइतका असतो. करारापूर्वी गेल्या दोन वर्षांचा हिशेब, 'कोन्सुन्तीव्हो', मागा. लिफ्ट, छप्पर, दर्शनी भाग यांची मोठी दुरुस्ती मालकाच्या खात्यात जाते, भाडेकरूच्या नाही. बदलत्या वस्तीत इमारतींना परांच्या लागलेल्या असतात, आणि तो खर्च भाडेकरूवर ढकलायचा प्रयत्न होतो. इमारतीच्या व्यवस्थापकाचं नाव आणि संपर्क प्रवेशद्वारापाशी लावलेला असतो. शंका आली तर त्याला विचारा.

गॅसची शेगडी असलेल्या स्वयंपाकघरात बाहेरच्या भिंतीला जाळी लावलेलं एक भोक असतं. जानेवारीत तिथून बर्फासारखा वारा येतो, म्हणून लोक त्यात जुनं फडकं कोंबतात. ते कधीही करू नका. जळणाऱ्या गॅसला हवा तिथूनच मिळते, आणि ती बंद झाली तर कार्बन मोनॉक्साइड साठून माणसं झोपेतच जातात. या वायूची सूचना देणारा घड्याळाएवढा गजर मिळतो, तो झोपायच्या खोलीत लावा. बुरशीचं कारणही हवाच. जुन्या भिंतींना नव्या दुहेरी काचा बसवल्या की ओल बाहेर पडत नाही. कपडे आत वाळत घालत असाल तर दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं, समोरासमोरच्या खिडक्या उघडा.

फोडणी, कचरा, शेजार

शेजाऱ्याच्या घरातून येणारा धूर आणि वास 'सोसण्यापलीकडचा' असेल तर इटलीच्या दिवाणी संहितेच्या ८४४ व्या कलमाखाली तक्रार करता येते. चौकात उघडणाऱ्या स्वयंपाकघरात ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या की धूर वर चढतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वाळत्या चादरींत बसतो. भांडण बहुधा चादरीवरून सुरू होतं. तेव्हा भाजणं-परतणं चौकात कपडे नसतील अशा वेळी करा, धूर ओढणाऱ्या यंत्राचा कोळशाचा फिल्टर तीन-चार महिन्यांनी बदला, आणि एकदा स्वतःहून वर जाऊन कशाचा वास येतो ते सांगून या. बाईंना 'सिन्योरा' म्हणायचं आणि 'लेई'ने बोलायचं, आपल्या अहो-जाहोसारखं. जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला 'बोन्जोर्नो' म्हणणं ही इथली किमान रीत आहे, मान खाली घालून निघून जाणारा भाडेकरू लक्षात राहतो. गॅलरी सगळ्यांच्या येण्याजाण्याची वाट असते. चपलांचा स्टँड, सायकल, तुळशीची कुंडी, काहीही तिथे ठेवण्याआधी विचारा. आकाशकंदील स्वतःच्या खिडकीच्या आत टांगला तर कुणाची हरकत नसते.

कचरा पाच वाटांनी जातो. ओला तपकिरी डब्यात, तोही कुजणाऱ्या पिशवीतच. प्लास्टिक आणि धातू एकत्र पिवळ्या पारदर्शक पिशवीत. कागद पांढऱ्यात, काच हिरव्यात, उरलेला साध्या पारदर्शक पिशवीत. पिशवी पारदर्शक असल्याने आतलं दिसतं, आणि चुकीचा दंड सगळ्या इमारतीला पडतो. नव्याने आलेल्यावर पहिला संशय जातो. कचऱ्याचा कर, तारी, याची नोंद राहायला आल्यावर स्वतः पालिकेत करायची असते.

किराण्यासाठी व्हिया पादोव्हावरची बांगलादेशी आणि श्रीलंकन दुकानं. तूरडाळ, हिंग, कढीपत्ता तिथेच. कोथिंबीर पेरूव्हियन दुकानातही मिळते. इटालियन सुपरमार्केटातलं 'फारीना दि चेची' हे बेसनासारखं दिसतं पण काबुली चण्याचं असतं. पिठलं जमतं, लाडू नीट वळत नाहीत. 'फारीना दि सोर्गो' म्हणजे ज्वारीचं पीठ, ग्लूटेनविरहित खणात बघा. 'मील्यो' मात्र बाजरी नव्हे, तिची भाकरी थापायला गेलात तर तुटते. भाजी-फळं, मासे आणि चीज व्हिआले मोन्झावरच्या पालिकेच्या छपराखालच्या बाजारात घ्या. जुने गाळेवाले टिकले तर वस्तीत रोजच्या गरजेचं काही मिळत राहील. नाही तर चार युरोची कॉफी आणि कुंड्यांची दुकानं उरतात, आणि वर राहणाऱ्या पेन्शनरांना भाजीसाठी बस धरावी लागते.

मालक घर मागतो तेव्हा

वस्तीचा भाव चढला की हे पत्र येतंच. घाबरून सही करू नका. ४+४ मध्ये पहिली चार वर्षं आणि ३+२ मध्ये पहिली तीन वर्षं संपताना मालकाला घर परत घ्यायचं असेल तर १९९८ च्या ४३१ क्रमांकाच्या कायद्यात दिलेल्या कारणांपैकीच एक लागतं. स्वतःच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या राहण्यासाठी, विक्रीसाठी, इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी, अशी ती कारणं. सहा महिने आधी, राक्कोमान्दाता म्हणजे नोंदणीकृत पत्राने, आणि कारण नावानिशी लिहून. व्हॉट्सॅपवरचा निरोप ही नोटीस नव्हे. विक्रीचं कारण असेल आणि मालकाकडे स्वतःच्या राहत्या घराखेरीज दुसरं घर नसेल तर विकत घेण्याचा पहिला हक्क तुमचा. सांगितलेल्या कारणासाठी त्याने १२ महिन्यांत घर वापरलं नाही, पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिलं, तर करार तसाच पुढे चालू करून मागता येतो, किंवा किमान ३६ महिन्यांच्या भाड्याइतकी भरपाई. म्हणून घर सोडल्यावरही वर्षभर चितोफोनोवर कुणाचं नाव लागतं आणि भाड्याच्या संकेतस्थळांवर ते घर दिसतं का, यावर नजर ठेवा. दिसलं तर तारखेसह स्क्रीनशॉट घ्या.

लवकर निघावं म्हणून पैसे देऊ केले तर घ्यायला हरकत नाही. पण 'रिझोलुत्सिओने कोन्सेन्स्वाले'च्या, म्हणजे दोघांच्या संमतीने करार संपवण्याच्या, कागदावर सही करण्याआधी तो संघटनेला दाखवा, आणि रक्कम हातात पडण्याआधी चावी देऊ नका. कुलूप बदलण्याचा किंवा वीज तोडण्याचा हक्क कोणत्याही मालकाला नाही. घर रिकामं करायला लावू शकतो तो न्यायालयाचा आदेश घेऊन आलेला अधिकारीच.

तुम्हाला स्वतःला निघायचं असेल तर दिस्देत्ता, म्हणजे करार संपवण्याची नोटीस, हीही राक्कोमान्दातानेच, करारात कमी मुदत नसेल तर सहा महिने आधी. शेवटच्या दिवशी पुन्हा व्हेर्बाले, मीटरचे आकडे, रिकाम्या भिंतींचे फोटो, आणि चावी मिळाल्याची मालकाची सही. 'रंग काढून देतो, अनामतीतून कापा' असं तोंडी बोलू नका. सुरुवातीचे फोटो काढून दाखवा. तारीची नोंद बंद करा, नाही तर बिल नव्या पत्त्यावर पाठलाग करत येतं. आणि पत्रपेटीवरचं आडनाव काढण्याआधी क्वेस्तूराला आणि बँकेला नवा पत्ता कळवला आहे ना, ते बघून घ्या.